लक्ष्मणराव किर्लोस्कर: चित्रकार, मास्तर, सायकलवाले, नांगरवाले... वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सांगली भागात किर्लोस्कर म्हटलं की लोकांना विहिरीवरचं इंजिन आठवतं, पुण्यात कंपनी आठवते आणि नाटकवेड्यांना वेगळंच काहीतरी आठवतं. हा सगळा उद्योग सुरू करणारा लक्ष्मणराव हा माणूस मात्र मधल्यामधे हरवतो. मी त्यांच्याबद्दल कुठेही बोललो की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं इथे टाकतोय. क्रम थोडा वरखाली झालाय, सांभाळून घ्या.

हे संगीत नाटकवाले किर्लोस्कर का?

नाही. पण हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो म्हणून पहिला घेतला. नाटकवाले म्हणजे अण्णासाहेब, बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, 'संगीत शाकुंतल' आणि 'संगीत सौभद्र' वाले. दोघं एकाच घराण्यातले आणि दोघांचं जन्मगावही एकच, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. अण्णासाहेब वयाने २६ वर्षांनी मोठे. आडनाव कोकणातल्या किर्लोस गावावरून आलेलं. एकाच छोट्या गावातून मराठी संगीत रंगभूमी पण आली आणि लोखंडी नांगर पण आला, आणि ते गाव आज कर्नाटकात आहे, यावर वाद घालायचा असेल तर दुसरीकडे घाला प्लीज.

लक्ष्मणरावांनी नक्की किती धंदे केले?

मोजायला बसलो की दरवेळी आकडा वेगळा येतो. चित्रकलेचा विद्यार्थी, मग मेकॅनिकल ड्रॉइंगचा मास्तर, सायकल विक्रेता, सायकल चालवायला शिकवणारा, पवनचक्क्या विकणारा, कडबा कापायच्या यंत्राचा कारखानदार, नांगरवाला, मधेच बांधकामाचा ठेकेदार, मग गाव वसवणारा. त्या गावाचा पुढे एक प्रकारे पाटील पण तेच. त्यानंतर उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप, इंजिनं, लोखंडी फर्निचर, लेथ हे सगळं कारखान्यात होत गेलं ते वेगळंच.

लोक याला "धरसोड वृत्ती" म्हणतात किंवा मग एकदम "द्रष्टे" म्हणतात. मला दोन्ही पटत नाही. नीट बघितलं तर या माणसाने आपणहून एक काम टाकून दुसरं धरलं असं फार कमी वेळा झालंय. बहुतेक वेळा समोरचं दार बंद झालं आणि मग हातात जे उरलं होतं ते घेऊन ते शेजारच्या दारात गेले. खाली एकेक करून येईलच.

जन्म, घर, शिक्षण वगैरे?

जन्म २० जून १८६९. वडील काशीनाथपंत, वेदांताचा अभ्यास असलेले. मुलाचं शाळेत लक्ष नाही आणि ओढ दोनच गोष्टींची, चित्रं काढायची आणि यंत्रं उघडून बघायची. वडिलांना दोन्ही नामंजूर, आणि त्या काळातला विचार करा, वेदांत्याच्या पोराने ब्रश हातात घ्यायचा म्हणजे काय, पोट कशावर भरणार. मोठे बंधू रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले, पैशाची सोय केली आणि १८८५ च्या सुमाराला पोरगं मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झालं.

रामूअण्णा हे नाव लक्षात ठेवा. माझं मत विचाराल तर या गोष्टीतलं निम्मं श्रेय त्यांचं आहे आणि त्यांच्या वाट्याला दहा टक्के पण आलेलं नाही. पाटीवर 'किर्लोस्कर ब्रदर्स' लिहिलंय ते उगाच नाही.

रंग दिसत नव्हते म्हणजे आंधळे होते का?

अहो नाही! रंगांधळेपणा वेगळा. नजर चांगली असते, रेषा दिसतात, आकार दिसतात, फक्त काही रंगांमधला फरक कळत नाही, बहुतेकांच्या बाबतीत तांबडा-हिरवा आणि त्यांच्या आसपासच्या छटा. लक्ष्मणरावांना हे अंशतः होतं. आणि कळलं कधी तर जे. जे. मध्ये दोनेक वर्षं काढल्यावर. म्हणजे घरच्यांशी भांडून, भावाच्या पैशावर मुंबई गाठून, पेंटिंग शिकायला लागल्यावर कळतं की पेंटिंग आपल्याला जमूच शकत नाही, आणि त्यात कुणाचीही चूक नाही, आळस नाही, डोळाच तसा आहे.

इथे ते गुर्लहोसूरला परत गेले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. पण पेन्सिलीला रंग लागत नाही ना. यंत्राचा आराखडा काळ्या रेघांचा असतो, त्यात मोजमाप लागतं, वस्तू समोरून कशी दिसेल आणि कापली तर आत कशी दिसेल ते डोक्यात फिरवता यायला लागतं. ते त्यांना मस्त येत होतं. मग मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं आणि त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले. संस्था तेव्हा माटुंग्याला नव्हती, भायखळ्याला होती.

म्हणजे ते इंजिनिअर होते?

डिग्री नाही. इंजिनिअरिंग ते शिकले ते मास्तरकी करता करता, संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. फळ्यावर यंत्राचं चित्र काढायचं, मग खाली जाऊन तेच यंत्र चालताना बघायचं, खोलायचं, जोडायचं. इंग्रजी पुस्तकं मासिकं वाचायची. फुकटात शिक्षण झालं आणि वर पगार! शिकवणारा माणूस सगळ्यात जास्त स्वतःच शिकतो हे मास्तर लोकांना विचारा, सांगतील.

चांगली नोकरी होती तर सोडली का?

बढतीची वेळ आली तेव्हा हे डावलले गेले आणि जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. काम कुणाला जास्त येतं हा प्रश्नच नव्हता. त्या काळात ही फार नवलाची गोष्ट नव्हती, हजारो लोकांनी गिळली आणि पेन्शनीपर्यंत नोकरी केली. यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

दुसरं दार बंद. पण यावेळी मागे काहीतरी तयार होतं, सायकलचं दुकान.

सायकलचं दुकान? नक्की काय भानगड आहे ही?

ही माझी आवडती गोष्ट आहे. मुंबईत एक पारशी गृहस्थ दोन चाकांवर बसून चाललेले त्यांनी पाहिले आणि यंत्रवेडा माणूस तिथेच अडकला. स्वतः सायकल मिळवली, स्वतः पडत झडत शिकले. मग व्यवहार असा ठरला की लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी बेळगावात विकायच्या.

आता किंमत ऐका. एक सायकल ७०० ते १००० रुपये. त्या काळचे! आजच्या भाषेत कुणी कार विकतंय असंच समजा. गिऱ्हाईक म्हणजे साहेब, मोठे वकील, संस्थानिक मंडळी. पण सायकल घेतली तरी बसता कुठे येतंय कुणाला, मग शिकवणीची फी वेगळी, १५ रुपये. १५ रुपये म्हणजे शतकाच्या शेवटाला एका सोन्याच्या गिनीचा सरकारी भाव. एवढ्या पैशात साहेबाला सीटवर बसवायचं आणि मागून धरून पळायचं. वेदांत्याच्या घरातला मुलगा हे करतोय म्हणून बेळगावात काय काय बोललं गेलं असेल याची कल्पना करा.

सायकलींबरोबर पवनचक्क्या पण विकल्या. दुरुस्तीची कामं यायला लागली, दुरुस्तीसाठी छोटं वर्कशॉप आलं, आणि वर्कशॉप आलं की माणसाच्या हाताला खाज सुटते. दुसऱ्याची वस्तू विकण्यापेक्षा आपली का करू नये. पुढचा सगळा पसारा इथून सुरू झाला.

कंपनीचं साल १८८८ सांगतात, कुठे १९१० तर कुठे १९२०, खरं कुठलं?

तिन्ही खरी. समूह स्वतःचा जन्म १८८८ धरतो, बेळगावच्या सायकल दुकानापासून. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९२० ला किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली, म्हणजे कागदोपत्री शेअर वगैरे. परीक्षेत आलं तर प्रश्न नीट वाचा.

पहिली स्वतः बनवलेली वस्तू नांगर होती ना?

सगळे असंच समजतात. नाही, आधी कडबा कापायचं यंत्र.

शेतीतले नसाल तर थोडक्यात सांगतो. ज्वारीचं कणीस खुडलं की मागे ताट राहतं, तो कडबा, बैलांचा वर्षभराचा चारा. अख्खी पेंढी टाकली की जनावर शेंडा आणि पानं खातं, बुडखा तुडवून टाकतं, बरंच वाया जातं. तोच कडबा बारीक कापून कुट्टी करून टाकला तर गव्हाण साफ होते आणि दुष्काळी पट्ट्यात त्या वाचलेल्या कडब्याची किंमत काय असते ते आमच्याकडच्या जत-आटपाडीच्या लोकांना विचारा. यंत्र साधंच, चाकाला पाती लावलेली, हाताने फिरवायचं. 'केसरी'त जाहिरात दिली आणि गिऱ्हाईक यायला लागलं. म्हणजे सुरुवात खूप मोठ्या स्वप्नाने वगैरे नाही झाली, सुरुवात झाली गोठ्यातून.

मग नांगर का विकला जात नव्हता? एवढी चांगली वस्तू होती तर?

हा प्रश्न खरा मोठा आहे, सविस्तर लिहितो.

आपला जुना नांगर लाकडी, बाभळीचा वगैरे, पुढे लोखंडी फाळ. तो जमीन चिरतो, पलटत नाही. आपली काळी जमीन, त्यात हरळी आणि कुंदा हे तण माजलेलं, मुळं खोल. वरून चिरून गेलं की आठ दिवसात परत हिरवं. लोखंडी नांगराला जे वळलेलं पातं असतं त्याने मातीचा थर उचलून उलटा पडतो, खालची मुळं वर येतात, उन्हात वाळून मरतात. फरक हा आहे. विलायती नांगर तेव्हा येत होते पण महाग, आणि एखादा भाग तुटला की बोटीने परत यायची वाट बघा.

तर लक्ष्मणरावांनी १९०३ च्या आसपास नांगर बनवला. आणि शेतकरी म्हणाला, नको. कारण काय तर लोखंडाने जमीन विषारी होते, पीक येणार नाही. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. दोन वर्षं!

आता या ठिकाणी शहरातले लोक लगेच हसतात, अडाणी शेतकरी वगैरे. मला हसू येत नाही. तुमच्याकडे सहा एकर रान आहे, वर्षाला एकच पीक, पाऊस आला तर आला, आणि बेळगावचा एक सायकल विकणारा मास्तर सांगतोय की हे नवीन अवजार घाला. चुकलं तर मास्तरचं काही जाणार नाही, तुमचं वर्ष जाणार. "विष" हा शब्द सोडून द्या, त्यामागची भीती बरोबर होती. शिवाय नवीन नांगराला ओढ जास्त, बैल जास्त लागणार, आणि जास्त बैल कुणाच्या दारात असतात? ज्याच्याकडे मुळात जमीन जास्त असते त्याच्या.

आणि वस्तूही पहिल्या दिवशी परिपूर्ण नसते. ओतीव लोखंड हा नाजूक प्रकार आहे, फार कडक झालं तर दगडाला लागून टवका उडतो आणि मऊ राहिलं तर झिजतं. झिजणारे भाग सुटे काढून बदलता यायला पाहिजेत, ते गावात मिळायला पाहिजेत, साध्या पान्याने बसायला पाहिजेत. हे जमलं तेव्हा नांगर खपला. शेतकऱ्याचं मन भाषणाने बदललं नाही, शेजारच्या रानातलं पीक बघून बदललं.

आमच्या आजोबांच्या वस्तीवर एक जुना लोखंडी नांगर गोठ्यामागे गंजत पडलेला असायचा. ट्रॅक्टर आल्यावर त्याला कुणी हात लावला नाही पण भंगारवाल्यालाही दिला नाही. का ते विचारायचं राहूनच गेलं.

बेळगाव सोडून किर्लोस्करवाडीच्या माळावर कशाला आले?

बेळगावच्या नगरपालिकेला नवीन वस्तीसाठी जागा हवी होती आणि त्यात यांचा कारखाना येत होता. हलवा म्हणाले. तिसरं दार बंद! भट्टी, मशीन, माणसं घेऊन जायचं कुठे?

याच काळात औंधला (पुण्याचं नव्हे, साताऱ्याकडचं औंध संस्थान) एका मोठ्या सभामंडपाचं बांधकाम त्यांच्याकडे आलं. हो, बांधकाम पण केलं, म्हटलं ना मोजदाद लागत नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कारवाले, ते स्वतः चित्रकार. रंग न दिसणारा चित्रकार आणि गादीवर बसलेला चित्रकार, यांचं जमलं नसतं तर नवल. राजांनी संस्थानच्या हद्दीतली ३२ एकर जागा देऊ केली आणि १०,००० रुपये कर्ज दिलं, बिनव्याजी. जागा कुंडल रोड स्टेशनजवळ. रेल्वे शेजारी हा एकच गुण. बाकी माळ, निवडुंग आणि साप, पाणी कमी.

साल १९१०.

किर्लोस्करवाडी म्हणजे फक्त कारखाना ना?

आधी माणसं आली, तंबू आणि झोपड्या, मग कारखाना, मग घरं, शाळा, दवाखाना, पोस्ट, पाण्याची सोय, झाडं. बाहेरच्या देशात कारखान्याभोवती नीट आखलेली गावं असतात हे लक्ष्मणरावांनी वाचलेलं होतं आणि ते डोक्यात बसलं होतं. भारतातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये वाडीचं नाव येतं ते यामुळे.

पण मला घरांपेक्षा माणसांची यादी जास्त आवडते. रामूअण्णा गावाची आखणी आणि कारभार बघणार. शंभोराव जांभेकर यंत्रांची देखभाल. मंगेशराव रेगे हिशेब आणि कारकुनी. के. के. कुलकर्णी म्हणजे सबकुछ, खरेदी, कोर्टकचेरी, भांडणतंटा, पाहुण्यांशी बोलणं, कशालाही पुढे. अनंतराव फाळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, आणि तेच कल्पक इंजिनिअर निघाले. एकाचाही बायोडाटा आजच्या एचआरने पुढे पाठवला नसता. ज्या माणसाला स्वतःला काम न बघता डावललं होतं त्याने माणसं घेताना कागद बघितला नाही, एवढंच मी म्हणेन.

दरोडेखोर पहारेकरी होते ही दंतकथा आहे का?

खरं आहे. शिक्षा भोगून आलेली माणसं वाडीच्या राखणीला ठेवली होती आणि ती विश्वासाची ठरली. भुरट्या गोष्टीत सांगतात तसं "चोरालाच चावी दिली" एवढं सोपं नाही ते. ब्रिटिशांच्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारलेला होता, सुटून आलेल्या माणसाला कामावर कोण ठेवणार, मग तो परत तेच करणार. वाडीने काम दिलं, घर दिलं.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता. १९१० च्या दशकात, सांगली-साताऱ्याच्या मधल्या माळावर. ओतशाळेत एकाच भट्टीपुढे सगळे घामाघूम होत असताना पाणी कुणाच्या हातचं हा प्रश्न मालकाने वाडीत ठेवलाच नाही. अर्थात नियम केला म्हणून प्रत्येकाच्या मनातून गेलं असेल असं मी म्हणणार नाही.

पहिल्या महायुद्धात धंदा बुडाला होता का?

बुडाला नाही, पण अडकला. बाहेरून येणारं लोखंड थांबलं आणि कोळसाही मिळेना. एकीकडे परदेशी नांगर येणं बंद म्हणून मागणी वाढलेली, दुसरीकडे ओतायला लोखंड नाही. मोडकं तोडकं जे मिळेल ते वितळवलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावर पडून असलेल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, ही गोष्ट आमच्याकडे अजून अभिमानाने सांगतात. तोफेचा नांगर! कवीला सुचलं असतं तर आपण म्हटलं असतं जरा जास्तच झालं.

स्पर्धक कुणीच नव्हतं का?

होतं ना. साताऱ्याकडे धनजीशा कूपर, तेही लोखंडी नांगर बनवायचे. आणि त्यांचंही आयुष्य काय कमी नाही, हाच माणूस १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचा पंतप्रधान होता, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणायचे. कृष्णाकाठाला त्या काळात काय हवा लागली होती कळत नाही. कूपरवर वेगळं लिहायला पाहिजे.

'किर्लोस्कर' मासिकाचा काही संबंध?

थेट संबंध. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, वाडीत जाहिरातीचं काम बघायचे. १९२० ला 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, नांगर घेणाऱ्या लोकांशी आणि विक्रेत्यांशी संपर्क राहावा म्हणून. त्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. मग १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. ज्या गावात नांगर ओतायचे तिथेच बायकांच्या प्रश्नांवर बिनधास्त लिहिणारं मासिक छापलं जात होतं. आमच्या आईच्या माहेरी 'स्त्री'चे जुने अंक बांधून ठेवलेले होते, आणि कुणाला माहीतही नव्हतं की याचा उगम नांगराच्या जाहिरातीत आहे.

मुलांनी काय केलं? की बापाच्या जिवावर?

थोरले शंतनुराव, जन्म १९०३. त्यांना अमेरिकेला एमआयटीत पाठवलं, १९२६ ला इंजिनिअर होऊन आले. बापाने डिग्रीशिवाय उभा केलेला कारखाना आणि मुलगा एमआयटीचा, वाडीत सुरुवातीला कुणी कुणाचं किती ऐकलं असेल हा मला नेहमी पडणारा प्रश्न आहे. याच सुमारास पंप आणि इंजिनांकडे गाडी वळली. पुढे मात्र वाडी पुरेना. १९४१ ला हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, तिथे लेथ वगैरे. १९४६ ला बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि त्याच वर्षी पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. शंतनुरावांची गोष्ट हा वेगळा विषय आहे, परवाने, कोटा, सरकारशी वाद, ते इथे नको.

१९४८ ला वाडी जाळली होती का?

हो. गांधीजींचा खून झाल्यावर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लागली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे. जिथे चाळीस वर्षांपूर्वी जातपात न पाळायचा नियम केला होता तिथेच जातीवरून आग लागली. यावर बोलायला गेलं की आमच्याकडे अजून आवाज चढतात, म्हणून जास्त लिहीत नाही. कारखाना परत उभा राहिला.

स्वातंत्र्यलढ्यात होते का ते?

झेंडा घेऊन रस्त्यावर, असे नाही. स्वदेशीचं काम म्हणाल तर रोज भट्टीवर चाललं होतं. बाकी कुंडल हे गाव म्हणजे प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या पत्री सरकारचा बालेकिल्ला, क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांचा मुलूख, वाडीपासून चालत जाता येतं इतकं जवळ. एकाच पंचक्रोशीत एकीकडे इंजिनं आणि दुसरीकडे पत्री सरकार. औंध संस्थान होतं म्हणून दोघांनाही थोडी मोकळीक मिळाली असं जुनी माणसं म्हणतात.

घरातल्या बायकांबद्दल कुणी लिहीत का नाही?

बरोबर पकडलंत. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई. निवडुंगाच्या माळावर पहिल्या दिवसांत संसार मांडणं, येणाऱ्याजाणाऱ्याला जेवण, पाणी लांब, साप घरात, हे सगळं "वाडी वसली" या दोन शब्दांत उरकून टाकतात सगळे, मी पण वर तेच केलंय. भट्टी पेटायच्या आधी चूल पेटली असणार एवढं तर नक्की.

अपयशातून यश वगैरे व्हॉट्सअपवर फिरतं ते खरं आहे का?

तुकडे खरे, चाल खोटी. त्या मेसेजमध्ये माणूस एकटा असतो आणि दर वेळी आणखी जिद्दीने उठतो. प्रत्यक्षात भावाने पैसे दिले, राजाने जमीन आणि बिनव्याजी कर्ज दिलं, रेल्वे आधीच टाकलेली होती, महायुद्धाने परदेशी माल अडवला. हे काढून टाका आणि नुसती जिद्द ठेवा, मग बघा काय उरतं ते. दुसरी बाजू पण आहे, रामूअण्णांसारखा भाऊ आणि बाळासाहेबांसारखा राजा समोर आला तेव्हा याच्याकडे दाखवायला काहीतरी होतं, चालणारं यंत्र, नुसतं बोलणं नाही.

आणि सुटलेलं काहीच वाया गेलं नाही हे मला जास्त भारी वाटतं. चित्रकलेतून रेघ आली, मास्तरकीतून अडाणी माणसाला यंत्र समजावून द्यायची सवय आली, सायकलीतून सुटे भाग आणि दुरुस्तीचं महत्त्व कळलं, कडबा यंत्रातून शेतकरी गिऱ्हाईक मिळालं. नांगरात हे सगळं दिसतं, बघता आलं तर.

शेवट कसा झाला?

२६ सप्टेंबर १९५६ ला गेले, ८७ व्या वर्षी. १९६९ ला जन्मशताब्दीला पोस्टाने तिकीट काढलं.

आज वाडीत काही बघायला आहे का? जायचं कसं?

कारखाना चालू आहे, पंप बनतात. २०१८ ला थायलंडच्या गुहेत शाळकरी फुटबॉल टीम अडकली होती आठवतंय? ते पाणी उपसायच्या कामात मदत करायला किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं गेली होती, तेव्हा आमच्याकडे टीव्हीसमोर एकदम कॉलर ताठ.

पुणे-मिरज लाइनवर स्टेशन आहे, नाव आता कुंडल रोड नाही, किर्लोस्करवाडी. तालुका पलूस, जिल्हा सांगली. कारखान्यात असंच घुसता येत नाही, आधी परवानगी बघा. सोबत सागरेश्वर अभयारण्य, औदुंबर असं एका दिवसात होतं. आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी औंध करा, तिकडे यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे, राजांनी गोळा केलेली चित्रं आहेत, राजा रविवर्मा पण आहेत. सोमवारी वगैरे बंद असू शकतं, फोन करून जा. द्राक्षाच्या सीझनला गेलात तर पलूसला थांबून पेटी घ्या, भाव मात्र करून.